डोळा पुढं, जीभ मागं

गुलाब सोमकुंवर हा तसा नगरपालिकेतला चपराशी. साहेबांच्या खोलीबाहेर स्टुलावर बसायचं, घंटी वाजली की आत जायचं, चहा आणायचा, कागद या टेबलावरून त्या टेबलावर न्यायचे. दिवसभरात त्याला नावानं हाक मारणारे कमीच. 'अरे सुनो' एवढ्यावर सगळ्यांचं भागायचं. पण आषाढी पौर्णिमा लागली की संध्याकाळी हाच माणूस धुतलेला सदरा घालून सौंसरच्या विहारात पाटावर बसे, नाकावर चष्मा चढवी, ग्रंथ उघडी, आणि मग साऱ्या वस्तीत त्याच्यापेक्षा मोठा माणूस कोणी नसे.

वर्षावासाचे तीन महिने रोज ग्रंथ वाचायचा आणि आश्विन पौर्णिमेला समाप्ती करायची, ही विहाराची रीत. ग्रंथ बुद्धाच्या चरित्राचा, चांगला जाडजूड, पण हिंदीतला. नागपूरला दीक्षाभूमीवर घ्यायला गेले तेव्हा मराठी प्रती संपल्या होत्या, म्हणून हिंदी उचलली आणि तीच राहिली. आता सौंसर पडलं मध्य प्रदेशात. कचेरी हिंदी, शाळा अर्धी हिंदी, चूल मात्र मराठी. बायकांना बाजारातली हिंदी कळायची, पुस्तकातली नाही. मग गुलाब काय करायचा? डोळ्यानं हिंदी वाचायचा आणि तोंडानं मराठी बोलायचा. थांबणं नाही, अडखळणं नाही, 'म्हणजे काय की' नाही. ऐकणाऱ्याला वाटावं, ग्रंथ आपल्याच वस्तीत कोणीतरी लिहिला असेल. अर्धेअधिक लोक तर तो हिंदीत आहे हे विसरूनच गेले होते.

"हे कसं जमते गा तुले?" असं त्याला एकदा कोणी विचारलं, तर तो म्हणाला, "डोळा पुढं जाते, जीभ मागून येते. मधात जेवढा वेळ भेटते ना, तेवढ्यात होऊन जाते."

एवढंच त्याचं शास्त्र. पण एका गोष्टीची त्याला फार घमेंड होती. तो पदरचं काही घालत नसे. एकदा बाहेरगावचा एक प्रचारक आला आणि गाणी म्हणून, नकला करून त्यानं विहार डोक्यावर घेतला. लोक खूश. गुलाब मात्र चिडला. "भाऊ, ग्रंथात आहे ते वाढा ना," तो सगळ्यांदेखत म्हणाला, "तुमच्या घरचं लोणचं कायले वाढता?" प्रचारक हसला, लोकही हसले, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळे गुलाबच्याच समोर येऊन बसले. हा सांगतो ते ग्रंथातलंच, याची त्यांना खात्री होती.

चंद्रकला, म्हणजे त्याची बायको, पाटाच्या अगदी जवळ बसायची. ती संत्र्याच्या बगीच्यात तोडणीला जायची. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं. सगळे कान देऊन ऐकत, ही मात्र नवऱ्याच्या डोळ्यांकडं बघत बसायची. तिच्या फार आधी लक्षात आलं होतं की वाचणाऱ्याचे डोळे ओळीवरून पाण्यासारखे वाहत नाहीत, चिमणी दाणे टिपते तसे टुणटुण उड्या मारतात. ओळ संपली की एकदम मागं येतात. कधी एखाद्या शब्दाशी घुटमळतात, कधी दोन दाणे मागं जाऊन पुन्हा बघून येतात. आणि डोळे आवाजाच्या पुढं असल्यामुळे तिला बाकीच्यांच्या आधी सगळं समजायचं. काही दुःखाचं येणार असेल तर गुलाबचे डोळे तिथं जाऊन थांबायचे, आवाज मागून तिथवर पोचायचा, आणि तोवर हिचा पदर डोळ्यांना लागलेला असायचा. बायका चेष्टा करायच्या, "चंद्रकलाबाईले पहिलेच तार येते बाप्पा!" ती लाजून हसायची, पण डोळे काही हटवायची नाही.

चौऱ्याऐंशी सालचा वर्षावास असाच सुरू झाला आणि पोळा आला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीवर गोटमार असते. इकडच्या काठावर पांढुर्णा, तिकडच्या काठावर सावरगाव, नदीच्या मधात रोवलेलं पळसाचं झाड, ते आधी कोण तोडून नेतं म्हणून दोन्हीकडून दगड. डोकी फुटतात, हातपाय मोडतात, तरी लोक वर्षभर त्या दिवसाची वाट बघतात. गुलाबला याची मनस्वी चीड. दरसाल पोळ्याच्या संध्याकाळी ग्रंथ मिटला की तो बजावायचा, "उद्या आपल्या माणसानं तिकडं फिरकायचं नाही. इथं बसून करुणा ऐकायची आणि तिथं जाऊन दगडं फेकायची, हे चालणार नाही." पोरं माना डोलवायची आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं पांढुर्ण्याला पळायची.

त्या साली त्याची लेक वंदना सावरगावला सासरी होती, पोटुशी. बाळंतपणाला माहेरी न्या म्हणून तिनं निरोप धाडला होता. नेमकी सुट्टी त्याच दिवशी. चंद्रकला म्हणाली, "दोन दिवस थांबून जा ना अवो. आजच कायले मरता त्या गर्दीत?"

"मी काय दगडं माराले जाऊन राहिलो?" गुलाब म्हणाला. "लेकीले आणाले जाऊन राहिलो."

तो गेला. लेकीला घेऊन निघाला, हातात पिशवी, मागं वंदना. सावरगावच्या गल्लीतून नदीकडच्या बाजूला आले, तोच एकदम गर्दीचा लोंढा उलटा फिरला. पोरं ओरडत गल्लीत घुसली. गुलाबनं पिशवी टाकली, वंदनाला भिंतीशी धरलं आणि नदीकडं पाठ करून तिच्यापुढं उभा राहिला. दगड आला तो डोक्याच्या मागच्या बाजूला, डाव्या कानाच्या जरा वर. तो पडला नाही. खाली वाकला, टोपी उचलली, टोपी ओली लागली.

लोकांनी घरात नेलं, जखमेवर भस्म दाबलं, फडकं बांधलं. "काही नाही होत मामाजी, आमच्या इथी दरसाल लागते," कोणीतरी म्हणालं. दुसरा हसत म्हणाला, "आता तुमीबी आमच्यातले झाले." डॉक्टरांचा तंबू तिथून हाकेच्या अंतरावर होता. गुलाब तिथवर गेलासुद्धा. पण तंबूच्या दाराशी सौंसरचे ओळखीचे चेहरे दिसले, त्यात विहारात बसणारी दोन पोरं. काल ज्यांना बजावलं त्यांच्यासमोर गोटमारीत फुटलेलं डोकं घेऊन उभं राहायचं? त्यानं टोपी खाली ओढली आणि परत फिरला. काय ही माणसाची लाज! तिनं त्याचा घात केला. बसमध्ये त्यानं लेकीला बजावलं, "कोणाले सांगू नको. तुझ्या मायलेबी नाही. न्हाणीत पाय घसरला म्हणून सांगू."

डोकं फार दुखलं. उलट्या झाल्या. उजेड नकोसा झाला म्हणून अंथरुणात तोंड खुपसून पडला. त्या दिवसांत विहारात नुसतं त्रिशरण-पंचशील झालं आणि लोक घरी गेले. मग जरा बरं वाटलं तसा तो पाटावर येऊन बसला, चष्मा चढवला, ग्रंथ उघडला.

पहिला शब्द दिसला. त्याच्या पुढं काही नव्हतं. अंधार नाही, धुकं नाही, पांढरा कागदही नाही. पुढची जागाच नव्हती. त्यानं डोळा जोर करून पुढं ढकलला तर दुसरा शब्द उगवला, पण तिथं पोचेपर्यंत पहिल्याचा धागा सुटला. डोळा एकदा कमी पडला, एकदा जास्त गेला, एकदा चक्क खालच्या ओळीत जाऊन पडला. पहिलीतलं पोर बोट लावून वाचतं तसं त्यानं दोन ओळी ओढल्या. त्यातून मराठी काही निघेना. निघणार कुठून? वाक्य कुठं चाललंय हेच त्याला दिसत नव्हतं. चष्मा पुसला, दिवा जवळ घेतला, मग म्हणाला, "डोकं अजून ठणकते. आज राहू द्या."

नवा चष्मा करून आणतो असं सांगून तो नागपूरला मेडिकलच्या दवाखान्यात गेला. डॉक्टरनं त्याला समोर बघायला लावलं आणि बाजूनं बोट आणलं. डावीकडून आणलं की लगेच दिसायचं, उजवीकडून आणलं की नाकासमोर येईपर्यंत पत्ता नाही. हा डोळा झाका, तो डोळा झाका, दोन्हींचं तेच.

"डोळे शाबूत आहेत तुमचे," डॉक्टर म्हणाले. "मेंदूच्या मागच्या भागात बघण्याची जागा असते, तिथं मार बसलाय. दोन्ही डोळ्यांची उजवी बाजू गेली. कशाचा मार?"

"पाय घसरला साहेब," गुलाब तिथंही म्हणाला.

मग त्यानंच विचारलं, "मला सगळं दिसते साहेब, माणसं दिसतात, रस्ता दिसते. वाचताच कसं येत नाही?"

डॉक्टर भला माणूस होता, त्यानं समजावून सांगितलं. वाचताना डोळा सरळ चालत नाही, उड्या मारत जातो. एका शब्दावर टेकलेला असतानाच तो पुढच्या शब्दांची चाहूल घेतो. म्हणून पुढची उडी बरोबर पडते आणि डोक्यात वाक्य जुळत जातं. "आपण वाचतो डावीकडून उजवीकडं. तुमची उजवीकडची चाहूल गेली. सवयीनं एकेक शब्द वाचाल हळूहळू. पण भरभर नाही."

"ती बाजू परत येईन का?"

"आता इतके दिवस गेलेत," डॉक्टर म्हणाले, आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

परतीच्या बसमध्ये गुलाबला रडू आलं. खिडकीशी तोंड करून तो सौंसर येईपर्यंत रडला. हिंदीची मराठी व्हायची ती त्याच मधल्या जागेत, आणि नेमकी तीच जागा एका दगडानं उडवून टाकली होती. वस्तीत विनायक नावाचा तरुण मास्तर होता, विहार समितीचा सचिव. पोरगा सालस, पण त्याचं म्हणणं होतं की मूळ ग्रंथ आहे तसाच, हिंदीतच वाचला पाहिजे. दोन सालं झाली तो अदबीनं म्हणायचा, "काकाजी, एखादा दिवस मीबी वाचतो." आता खरं सांगितलं तर पाट विनायकचा. एकदा सुटलेला पाट परत भेटत नसतो. मग सकाळी 'अरे सुनो' आणि संध्याकाळीही तेच. पाटाशिवाय गुलाब सोमकुंवर म्हणजे कोण, हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं. ते त्याला सोसणारं नव्हतं.

म्हणून त्यानं काय केलं, तर काही सांगितलंच नाही. इतकी वर्षं वाचलेला ग्रंथ, जिभेला बराचसा पाठ होता. पुढ्यात पुस्तक उघडं ठेवायचं, मान खाली घालायची आणि आठवून बोलायचं. अंदाजानं पान उलटायचं. ओळ शोधायची कटकट नाही, त्यामुळे आवाज उलट मोकळा लागला. लोक म्हणाले, "यंदा गुलाबभाऊ काय वाचून राहिला बाप्पा! काटा येते अंगावर." तो मान हलवी आणि ग्रंथ लवकर मिटवी.

चंद्रकला मात्र त्याच्या डोळ्यांकडं बघत राही. एका सकाळी ती भाकरी थापत होती, वंदना मागच्या दारी होती, तेव्हा तव्याकडं बघतच ती म्हणाली, "तुमचे डोळे नाही चालून राहिले."

"काय?"

"वाचताना. एका जागी उभे राहतात. पहिले उड्या मारत होते, आता पान उलटलं तरी तिथंच. मी रोज पाहून राहिली. तुमी वाचून नाही राहिले."

साऱ्या विहारात ज्या एका बाईला अक्षर येत नव्हतं, तिनंच त्याला पकडलं होतं. मग त्यानं सगळं सांगितलं. गोटमार, तंबू, टोपी, नागपूरचा डॉक्टर. चंद्रकलाची भाकरी करपली.

"आता कोणाची लाज धरता?" ती म्हणाली. "सांगून टाका विनायकले. दगड काय तुमी मारला का?"

"समाप्ती होऊ दे. मग सांगतो. एवढा वर्षावास पार पडू दे."

"आणि तवर?"

"तवर तोंडपाठ आहे."

"आणि एखाद्या दिवशी नाही आठवलं, तर काय करसान?"

तो उठून बाहेर गेला. पण त्या दिवसापासून चंद्रकला पाटाजवळ बसेनाशी झाली. मागं, दारापाशी बसू लागली.

वस्तीत लीलाबाई नावाची म्हातारी होती. तिचा एकुलता लेक गुणवंता रेल्वेच्या कामावर इटारसीकडं गेला आणि तिथंच तापानं गेला. खबर इकडं पोचली तेव्हा त्याची माती होऊन चुकली होती. लीलाबाईनं जेवण सोडल्यात जमा केलं. ओट्यावर बसायची आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला एकच विचारायची, "शेवटी त्याच्याजवळ कोणी बसलं असन का वं? पाणी तरी पाजलं असन का?" लोकांना उत्तर देता येईना. पुढंपुढं लोक त्या ओट्यावरून जाणं टाळू लागले. मग कोणीतरी तिला धरून विहारात आणून बसवलं, अगदी पुढं, चंद्रकलाच्या रिकाम्या जागेवर.

त्या संध्याकाळी किसा गोतमीची कथा होती. मेलेलं मूल कडेवर घेऊन ती बाई दारोदार औषध मागते. तथागत तिला म्हणतात, ज्या घरात कोणी मेलं नसेल अशा घरातून मूठभर मोहरी आण. ती घरोघर हिंडते आणि हात हलवत परत येते. गुलाबला ही कथा चांगली पाठ होती. डोळे पानावर ठेवून तो सांगत गेला. लीलाबाई तोंड उघडं टाकून ऐकत होती. गोतमी परत आली, तथागतांच्या पायाशी बसली, आणि तथागत तिला म्हणाले—

काय म्हणाले? गुलाबला आठवेना. वाक्य जिभेच्या टोकाशी होतं आणि येईना. त्यानं पानावर शोधलं. एक शब्द सापडला, त्याच्या पुढं काही नाही. डोळा ढकलला, भलत्याच ओळीत पडला. विनायक मान वर करून बघू लागला. समोर लीलाबाईनं दोन्ही हात जोडले आणि अस्पष्ट आवाजात म्हटलं, "मंग? काय म्हटलं मंग त्यायनं?"

आणि गुलाब बोलला. "तथागत म्हणाले, बाई, जाणाऱ्या लेकराला शेवटच्या घडीला आईचा हात कपाळावर लागतोच. आई जवळ असो की शंभर कोस दूर असो, तो हात लागल्याशिवाय कोणतंच लेकरू जात नाही."

लीलाबाईच्या तोंडून हुंदका फुटला. सगळ्या बायका रडल्या. बाप्ये इकडंतिकडं बघू लागले. गुलाबनं ग्रंथ मिटला. 'साधू, साधू, साधू' झालं. बाहेर येऊन त्यानं चप्पल घातली आणि कोणाची वाट न बघता घराकडं चालू लागला.

दुसऱ्या दिवसापासून लीलाबाई जेवू लागली. बाजारात गेली, केस विंचरून बसली. भेटेल त्याला सांगू लागली, "ग्रंथात लिहून आहे बाप्पा. हात लागल्याबिगर लेकरू जातच नाही. गुलाबनं वाचून दाखवलं." तिचं ऐकून आणखी एकदोघी, ज्यांची लेकरं गेली होती, तेच म्हणू लागल्या. गुलाबनं मनाची समजूत घातली की बरंच झालं, दुःखी बाईला आधार मिळाला. पण तेवढ्यानं त्याचं समाधान होईना. आपण तिच्यासाठी बोललो की विनायकनं मान वर केली म्हणून बोललो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. अडकलेला पाट सोडवायला त्यानं म्हातारीचं मेलेलं पोर वापरलं होतं.

समाप्तीला थोडे दिवस राहिले आणि लीलाबाईनं गुणवंताच्या नावानं विहाराला भिंतीवरचं घड्याळ दान द्यायचं ठरवलं. संध्याकाळी ती वर्तमानपत्रात गुंडाळलेलं घड्याळ घेऊन आली. त्याच्या खाली पेंटरकडून गुणवंताचं नाव घालायचं, आणि नावाखाली ते वाक्य. "जसंच्या तसं पाहिजे," ती विनायकला म्हणाली. "ग्रंथात पाहून लिहून दे बेटा. एक अक्षर इकडंतिकडं नको होऊ देऊ."

विनायकनं पाटावरचा ग्रंथ उचलला. "कोणतं पान काकाजी?"

गुलाब चष्मा पुसू लागला. विनायकला कथा सापडली आणि तो उभ्या उभ्या वाचू लागला. गुलाब त्याच्या डोळ्यांकडं बघत राहिला. काय भरभर चालत होते ते! ओळीमागून ओळ, काही कष्ट नाहीत. त्याच्या जिवाची आग झाली. विनायकनं कथा संपवली, पुन्हा पहिल्यापासून वाचली, मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं. सगळे वाट बघत होते.

"इथं तर नाही दिसून राहिलं," विनायक म्हणाला. मग त्यानं गुलाबच्या चेहऱ्याकडं पाहिलं, आणि त्या पोरानं सुटायला वाट करून दिली. "दुसऱ्या छपाईत असन कदाचित. काकाजीनं जुन्या प्रतीत वाचलं असन. नाही का काकाजी?"

हो म्हटलं असतं तर सुटला असता. पाटही राहिला असता, म्हातारीचं वाक्यही राहिलं असतं. दाराशी चंद्रकला उभी होती. ती काही खुणावत नव्हती, नुसती बघत होती. गुलाबच्या डोळ्यांपुढं भिंत आली, भिंतीवरचं घड्याळ आलं, आणि तथागतांच्या नावावर आपण रचलेलं वाक्य रंगानं लिहिलेलं, कायमचं. एवढं त्याला झेपेना.

"नाही," तो म्हणाला. "ग्रंथात नाही ते."

"मंग कोण म्हटलं?" लीलाबाईनं विचारलं.

"मीच म्हटलं मावशी. मले वाचता नाही येत आता. डोक्यावर गोटमारीचा दगड बसला तेव्हापासून उजवीकडलं दिसत नाही. आठवून बोलत होतो. तिथं आठवलं नाही, म्हणून जे सुचलं ते बोललो."

हा क्षण किती दिवस त्याच्या मनात घोळत होता; शिव्या बसतील, कोणी हात धरून उठवेल, असंच त्याला वाटत होतं. तसं काही झालं नाही. लीलाबाईला आधी समजलंच नाही. ती त्याच्याकडं, विनायककडं, ग्रंथाकडं बघत राहिली. मग समजलं.

"मंग आता कायले सांगतलं तू?" ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "मले कुठी वाचता येते? मी कधी पाहाले जाणार होती त्या पुस्तकात? मरेपर्यंत मले खरंच वाटलं असतं ना रे."

ती उठली. घड्याळ तिथंच सोडून, बायकांच्या मधून वाट काढत बाहेर गेली. चंद्रकला तिच्या मागं धावली, पण तिनं हात झिडकारला.

दुसऱ्या दिवसापासून विनायक वाचू लागला. गुलाबला कोणी टाकून बोललं नाही. उलट माणसं हळहळली, डोळ्यांची चौकशी केली, नागपूरला आणखी मोठा डॉक्टर आहे म्हणून सांगितलं. लीलाबाई मात्र आली नाही. तो एकदा तिच्या घरी गेला. तिनं पाणी दिलं, बसायला पोतं टाकलं. तो माफीचं काही बोलायला लागला तर तिनं ऐकलंच नाही. थोड्या वेळानं, जणू समोर कोणी दुसराच बसला आहे अशा सुरात, तिनं विचारलं, "त्याले शेवटी पाणी तरी कोणी पाजलं असन का गा?"

गुलाब पाणी न पिताच उठला.

समाप्तीच्या दिवशी विहार भरला होता. बायका पांढऱ्या लुगड्यांत, पोरं मेणबत्त्या घेऊन. विनायकनं शेवटचं प्रकरण स्वच्छ हिंदीत वाचलं, एक चूक नाही. मागच्या बायका आपसात कुजबुजत होत्या, लहान पोरं खेळत होती. गुलाब बाप्यांच्या रांगेत भिंतीला टेकून बसला होता. चंद्रकला दाराशी. खीर वाटून झाली, लोक पांगले, दोघं घराकडं निघाले. चांदणं लख्ख पडलं होतं. ती त्याच्या उजव्या अंगानं चालत होती. अलीकडं ती मुद्दाम त्याच बाजूनं चाले, सायकलवाले त्याला दिसत नाहीत म्हणून. त्यामुळे ती मात्र त्याला दिसत नसे, नुसता तिच्या बांगड्यांचा आवाज येई.

"काय वाचलं त्यानं आज?" तिनं विचारलं.

"तू होती ना तिथं."

"मले ते हिंदी नाही समजत. तुमी सांगा ना. शेवटाले काय होते, ते."

गुलाब सांगू लागला. कुशीनाराला दोन सालवृक्षांच्या मधात तथागत आडवे झाले. भोवती भिक्खू बसले. आनंद विहारात जाऊन दाराला धरून रडू लागला. तथागतांनी त्याला जवळ बोलावलं. इथवर तो आला आणि थांबला. पुढचं वाक्य तोंडात आलं होतं, पण ते विनायकनं वाचलेलं होतं, की जुनं आठवलेलं, की आता चालता चालता आपलं आपणच जुळवलेलं, हे त्याला कळेना. त्यानं आठवून पाहिलं. तिन्हींतला फरक त्याला ओळखू येईना.

चार पावलं बांगड्या वाजत राहिल्या.

"मंग?" चंद्रकला म्हणाली. "पुढं काय म्हटलं त्यायनं?"

"पुढचं मले माहीत नाही," गुलाब म्हणाला.